दहापैकी दहा, पण फक्त सहाव्या प्रकरणात

साडेतीन तारे. चार द्यायला हात धजत नाही, आणि त्यातला अर्धा का दिला ते शेवटी सांगते.

हे परीक्षण एका प्रत्यारोपण केंद्राच्या 'नात्यातला दाता' या सेवेचं आहे. भावंडांची एचएलए तपासणी (पेशींवरच्या ज्या खुणांवरून शरीर आपलं-परकं ओळखतं त्यांची जुळणी), त्यांच्यातून दाता निवडणं, समुपदेशन, पेशी काढणं आणि नंतरचा पाठपुरावा असं सगळं त्यात येतं. केंद्राचं नाव मुद्दामच घालत नाही. जे खटकलं ते इतरही ठिकाणी तसंच असणार अशी दाट शंका आहे, आणि जे आवडलं ते एका बाईंमुळे आवडलं, दारावरच्या पाटीमुळे नाही.

आम्ही तिघं भावंडं. मी थोरली, तेव्हा ५२ वर्षांची, दोन मुलग्यांची आई. मधल्याला ४७व्या वर्षी ॲक्युट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, निघाला. किमोच्या पहिल्या फेरीत रोग आटोक्यात आला, पण जनुकांचा अहवाल बघून डॉक्टर म्हणाले, नुसत्या किमोवर भागायचं नाही, मूळपेशींचं, म्हणजे ज्यांपासून सगळं रक्त बनतं त्या पेशींचं, प्रत्यारोपण करावं लागेल. भावंडं आहेत? दोन आहेत. मग उद्याच पाठवा.

तपासणीचा भाग चोख, त्याबद्दल तक्रार नाही. नळीवर चिठ्ठी चिकटवण्याआधी नाव आणि जन्मतारीख दोनदा विचारली, चिठ्ठी आमच्यासमोर चिकटवली, अहवाल सांगितलेल्या दिवशी आला. मी तीस वर्षं मुद्रितशोधन करते, त्यामुळे कागद हातात आला की आधी तक्ताच बघते. 'ए*२४:०२' अशा नोंदी होत्या. फुलीपुढचा पहिला आकडा गट सांगतो, दोन टिंबांनंतरचा आकडा त्या गटातलं नेमकं प्रथिन. ए, बी, सी, डीआरबी१, डीक्यूबी१ ही पाच जनुकं, प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईकडची आणि एक बाबांकडची. म्हणून दहा. माझ्या रकान्याखाली ठळक अक्षरांत '१०/१०', धाकट्याच्या रकान्याखालीही '१०/१०'.

घरात सगळ्यांचा एकच सूर: भावंडंच ती, जुळणारच. तसं नसतं. ही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेली असतात आणि बहुतेक वेळा गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात. आईकडे दोन गठ्ठे, बाबांकडे दोन, प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक. म्हणजे चार जोड्या संभवतात आणि कुठलंही एक सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. अर्धं जुळण्याची निम्मी, आणि अजिबात न जुळण्याची पुन्हा चारात एक. दोन भावंडं असली तर निदान एक तरी जुळण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या आसपास जाते. दोघंही जुळणं सोळांत एकदा. आमचं नशीब तिथे जोरावर होतं. निम्मी घरं या पायरीवरच अडतात, तेव्हा आमची पुढची रडगाणी ही नशीबवानांची रडगाणी आहेत हे कबूल.

आता खटकलेली पहिली गोष्ट. तो ठळक आकडा. अहवाल देणाऱ्या समन्वयकाने हसत सांगितलं, "दोघंही फुल मॅच. कोणीही चालेल." हे वाक्य चूक आहे. मला तेव्हा ते कळलं नाही, त्याला कळायला हवं होतं.

कोणीही चालत नाही हे दोन दिवसांनी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनीच सांगितलं, आणि त्यांची पसंती धाकट्याला होती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. थोरली मी, लहानपणी मधल्याला कडेवर घेऊन फिरलेली मी, आणि म्हणे धाकटा बरा. कारण मात्र पटलं. पुरुषाच्या पेशींत वाय गुणसूत्रामुळे काही प्रथिनं असतात, ती बाईच्या शरीरात नसतात. एचएलए दहाच्या दहा जुळलं तरी बहिणीच्या रोगप्रतिकारक पेशींना भावाच्या अंगातली ही प्रथिनं परकी वाटू शकतात. त्यात बाईला मुलगे झालेले असतील तर तिच्या पेशींची ओळख आधीच झालेली असते, कारण गरोदरपणात बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि काही तर वर्षानुवर्षं तिथेच राहतात. माझे दोन्ही मुलगे. म्हणजे मी दोनदा शिकलेली.

ही गोष्ट नवी नाही. १९७६ साली लायडनमध्ये एल्स गूल्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बाईची नोंद केली होती. तिला ॲप्लास्टिक ॲनिमिया, म्हणजे मज्जेत पुरेसं रक्तच बनत नव्हतं; भावाची एचएलए पूर्ण जुळलेली मज्जा दिली आणि तिच्या शरीराने ती नाकारली. तिच्या रक्तातल्या टी-पेशी (परक्याला मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) प्रयोगशाळेत तपासल्या, तर त्या पुरुषांच्या पेशी मारत होत्या, बायकांच्या नाही. तेव्हापासून अशा 'दुय्यम' प्रतिजनांची, म्हणजे एचएलएखेरीज परक्या वाटणाऱ्या प्रथिनांची, यादी वाढतच गेली. दुय्यम हा शब्द मात्र फसवा आहे. एचए-१ नावाच्या प्रतिजनात अख्ख्या प्रथिनातला एक दुवा बदलतो: काहींमध्ये त्या जागी हिस्टिडिन, काहींमध्ये आर्जिनिन. एका वेलांटीचा फरक म्हणा. आमच्या धंद्यात एका वेलांटीने 'दिन'चा 'दीन' होतो, तेव्हा मला हे समजायला जड गेलं नाही.

हे सगळं मला समजावलं त्या केंद्रातल्या जनुकीय समुपदेशक बाईंनी. साडेतीनपैकी दोन तारे त्यांचे एकटीचे.

त्यांची भेट खरं तर केवळ औपचारिकता म्हणून ठेवलेली होती. धाकट्याची तारीख ठरली होती, त्याच्या तपासण्या झाल्या होत्या. त्यात प्लेटलेट्स १ लाख १५ हजार. दीड लाखाच्या खाली म्हणजे कमीच, पण निवासी डॉक्टरांनी समासात 'किरकोळ, विषाणूचा ताप येऊन गेला असावा' असं लिहून पान उलटलं होतं. बाईंनी ते पान परत उलटलं. मग मधल्याचे जनुकांचे दोन अहवाल शेजारी शेजारी ठेवले, एक रोग निघाला तेव्हाचा, दुसरा रोग आटोक्यात आल्यानंतरचा. आणि पेन्सिलीचं टोक एका ओळीवर टेकवलं.

रन्क्स१ नावाचं जनुक, एकविसाव्या गुणसूत्रावरचं. त्यातला एक बदल पहिल्या अहवालात ४९ टक्के वाचनांत, म्हणजे डीएनए वाचताना जवळजवळ निम्म्या वेळी, होता. दुसऱ्यात ४८.

"बाकीचे बदल बघा," त्या म्हणाल्या. "रोग गेला तसे तेही गेले. हा का नाही गेला?"

मी तीस वर्षं हेच करते. एक चूक सगळ्या आवृत्त्यांत सापडली तर ती जुळाऱ्याची नसते, मूळ हस्तलिखितातली असते. मी तसं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "घरात कोणाला पटकन काळंनिळं पडतं का? दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला असं कोणी?"

बाबा. दाढ काढली होती तेव्हा दोन दिवस तोंडात कापसाचा बोळा धरून बसले होते. आईने उशीचे अभ्रे बदलले होते, मला त्यांचा रंग आठवतो. धाकट्याच्या मांड्यांवर लहानपणी सतत वळ असायचे, आम्ही त्याला धडपड्या म्हणायचो. बाई हे ऐकत चौकोन आणि वर्तुळं काढत होत्या. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, गेलेल्यांवर तिरपी रेघ. तीन पिढ्या एका पानावर बसल्या. हे प्रश्न आम्हाला त्या दिवसापर्यंत एकानेही विचारले नव्हते, आणि दात्याच्या छापील अर्जात कावीळ, गोंदण, प्रवास असल्या गोष्टींचे रकाने भरपूर होते.

वारशाने आलेला रन्क्स१चा बदल प्लेटलेट्स कमी ठेवतो, आहेत त्यांचं कामही ढिलं करतो आणि पुढे रक्ताचा कर्करोग होण्याचा धोका बराच वाढवतो. आईवडिलांपैकी एकाकडे असला तर मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी. आणि एचएलएशी याचा काडीचा संबंध नाही. सहाव्या गुणसूत्रावर भावाभावांचं दहापैकी दहा जुळलं म्हणून एकविसाव्यावर काय आहे हे कळत नाही. तेवीस प्रकरणांच्या पुस्तकातलं सहावं प्रकरण, तेही त्यातले मोजके परिच्छेद ताडून पाहिले आणि मुखपृष्ठावर 'बिनचूक' असा शिक्का मारला, असा हा प्रकार. धाकट्याच्या पेशी भावाला दिल्या असत्या तर ज्या बीजातून आजार उगवला तेच बीज परत पेरलं गेलं असतं. दात्याच्या पेशींतून नव्याने रक्ताचा कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत.

खात्री करायला मधल्याच्या दंडावरून तीन मिलिमीटरचा कातडीचा तुकडा काढला. रक्तच का नाही, लाळ का नाही, हे मी विचारलं. रक्तात आजारी पेशींचे बदल मिसळलेले असतात आणि लाळेतही रक्तपेशी असतातच. कातडीतल्या पेशी बशीत वाढवून त्यांचा डीएनए वाचला तरच जन्मजात काय आणि नंतरचं काय ते वेगळं होतं. पेशी वाढायला चार आठवडे लागले. तोवर रोग उठू नये म्हणून किमोची आणखी एक फेरी. ते चार आठवडे कसे गेले ते लिहीत नाही.

बदल कातडीतही निघाला. मग आम्हा दोघांचं साधं रक्त तपासलं, निरोगी माणसाला तेवढं पुरतं. धाकट्यात होता. माझ्यात नव्हता.

इथे एक अख्खा तारा कापला. धाकट्याला ही बातमी कोणी, कशी दिली? लिफ्टसमोरच्या बोळात, एका निवासी डॉक्टरने, घाईत: "सर, तुमचं कॅन्सल झालं, तुमच्यातही म्युटेशन आहे." तो भावाला पेशी द्यायला आला होता आणि स्वतःचा अहवाल घेऊन परत गेला. दात्याची तपासणी आणि त्याच्याशी बोलणं रुग्णाच्या डॉक्टरांनी नाही, वेगळ्या डॉक्टरांनी करायचं असतं, ते एवढ्यासाठीच. दाता म्हणजे रुग्णाचा सुटा भाग नव्हे. समुपदेशक बाईंनी त्याच संध्याकाळी त्याला बोलावून दीड तास दिला. पण बोळातलं ते वाक्य पुसलं जात नाही. त्याच्या मुलीची तपासणी करायची का, कधी करायची, हा प्रश्न त्या दिवसापासून त्यांच्या घरात आहे.

तर दाता मी. नको म्हटलेली, मग गळ घातलेली.

पेशी काढण्याचा विभाग उत्तम, सरळ पूर्ण गुण. मूळपेशी मज्जेतून रक्तात उतराव्यात म्हणून पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं. कंबर आणि छातीचं मधलं हाड आतून कोणी ठोकतंय असं दुखतं. हे मला आधीच सांगितलं होतं, त्यामुळे घाबरले नाही. पाचव्या दिवशी दोन्ही हातांत सुया, साडेचार तास यंत्राशेजारी. ओठांभोवती मुंग्या येतील, तेव्हा लगेच सांगा असं नर्सने बजावलं होतं. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून त्या मुंग्या. आल्या, सांगितलं, पाच मिनिटांत कॅल्शियम मिळालं. शेवटी एक विटकरी रंगाची पिशवी भरली. भावाच्या वजनाच्या किलोमागे ५२ लाख सीडी३४ पेशी (म्हणजे मूळपेशी), पुरेशा. दुसऱ्या दिवशी ती पिशवी त्याला रक्तासारखीच लावली आणि पाऊण तासात संपली. आम्ही काहीतरी भव्य घडेल म्हणून बसलो होतो.

पंधराव्या दिवशी त्याच्या न्यूट्रोफिल्स (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पाचशेच्या वर गेल्या, म्हणजे माझ्या पेशी रुजल्या. चोविसाव्या दिवशी तळहात लाल झाले. आल्या वाटतं तुझ्या पेशी, तो म्हणाला. ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट (जीव्हीएचडी), म्हणजे दात्याच्या पेशी घरमालकावरच उठणं. स्टेरॉइडने ते उतरलं.

त्या काळात मी वाचत सुटले आणि बाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. भावंडांमध्येच झालेलं काम बरंच आहे. २००३ मध्ये असं दिसलं की रुग्णाच्या इंटरल्यूकिन-१० या जनुकाच्या पुढच्या भागात एका जागी 'ए' हे अक्षर असेल तर एचएलए जुळलेल्या भावंडाच्या पेशी घेऊनही तीव्र जीव्हीएचडी कमी होतो. यूजीटी२बी१७ हे आख्खं जनुकच काही माणसांच्या दोन्ही प्रतींतून गहाळ असतं. अशा माणसाच्या पेशींनी ते प्रथिन जन्मात पाहिलेलं नसतं, आणि दाता तसा व रुग्णाकडे ते जनुक असलं तर धोका वाढतो, असं २००९ च्या अभ्यासात आढळलं. मग हे अहवालात का नाही? बाईंचं उत्तर प्रामाणिक होतं. यातल्या काही गोष्टी पुढच्या अभ्यासांत तितक्या ठाम टिकल्या नाहीत. एनओडी२ या जनुकाचा सुरुवातीला केवढा गवगवा झाला, नंतर कुठे संबंध दिसला, कुठे नाही. आणि टिकल्या तरी दोनच भावंडं असलेल्या घरात त्या माहितीचं करणार काय? औषधं जरा जास्त जपून देता येतील, एवढंच. मला हे उत्तर आवडलं. सगळं छापायचं नसतं, हे मलाही ठाऊक आहे.

पण एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मात्र सगळ्यांना सांगावी अशी आहे. अगदी तंतोतंत सारखा दाता, म्हणजे एकसारखं जुळं भावंड, मिळालं तर जीव्हीएचडी जवळजवळ होतच नाही, पण ल्युकेमिया परतण्याचं प्रमाण जास्त असतं. दात्याच्या पेशींना थोडं परकं वाटलं तरच त्या उरल्यासुरल्या कर्करोगाच्या पेशी हुडकून मारतात. बहिणीने भावाला दिलेल्या पेशींत जुनाट जीव्हीएचडी जास्त दिसतो आणि आजार परतणं कमी. म्हणजे ज्या कारणासाठी मी नको होते तेच कारण दुसऱ्या हाताने काहीतरी देतही होतं.

ते वसूल झालं आठव्या महिन्यात. मधल्याचे डोळे कोरडे पडायला लागले, वाळू गेल्यासारखे. शिरमर तपासणी करताना मी शेजारी बसले होते. खालच्या पापणीत टीपकागदाची अरुंद पट्टी अडकवतात, डोळे मिटायला सांगतात आणि पाच मिनिटं थांबतात. पट्टी किती ओली झाली ते मिलिमीटरमध्ये मोजायचं. पाचच्या आत म्हणजे फार कोरडं. त्याची दोनवर थांबली. कागदाची ती पांढरी, सुकी पट्टी बघून मला रडू आलं आणि त्याला नाही, त्याला येणं शक्यच नव्हतं. "ताई, दोघांचं तूच रड," म्हणाला. माझ्याच पेशी त्याच्या अश्रुग्रंथी खात होत्या.

पाठपुराव्याला बरे गुण. कायमेरिझमची, म्हणजे रक्तात दात्याच्या पेशी किती याची, तपासणी वेळच्या वेळी, शंभराव्या दिवसापासून रक्त पूर्ण माझं. त्याच्या मज्जेतली गुणसूत्रं आता एक्सएक्स आहेत. रक्तगटही बी होता तो ओ झाला. रक्तगटाचं जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं, त्यामुळे पूर्ण जुळलेल्या भावंडांचे गट वेगळे असू शकतात. रुग्णालयाच्या जुन्या कागदांवर अजून बी आहे. तो मी प्रत्येक भेटीत लाल शाईने खोडते आणि पुढच्या भेटीत तो परत छापून येतो. हे मात्र गंभीर आहे, कोणीतरी लक्ष घाला.

सव्वादोन वर्षं झाली, आजार परतलेला नाही. धाकट्याची दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी होते. गेल्या खेपेला प्लेटलेट्स १ लाख ८ हजार, बाकी ठीक. माझ्याकडे दाता म्हणून वर्षभरानंतर कोणी फिरकलं नाही. एक फोन पुरला असता.

अर्ध्या ताऱ्याचं सांगायचं राहिलं. मी त्यांच्या अहवालाच्या नमुन्यावर रीतसर मुद्रितशोधनाच्या खुणा करून तो केंद्राला पाठवला होता. '१०/१०'चा ठळकपणा काढा, खाली ओळ घाला: 'ही जुळणी फक्त एचएलएपुरती आहे. दाता ठरवण्याआधी कौटुंबिक इतिहास घ्यावा.' उत्तर आलं नाही. गेल्या महिन्यात प्रतीक्षाकक्षात शेजारच्या बाईंच्या हातात नवा अहवाल दिसला, मागून घेतला. ठळकपणा तसाच आहे. खाली ओळ मात्र आली आहे, आठ पॉइंटांत. 'पुरती'चं 'पुतरी' छापलंय.